दीडशे मिलीची वही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

लेक काल पुण्याहून कराडला घरी आली. वजन ४३.२ किलो. वही आजपासून सुरू करतोय.

बत्तीस वर्षं मी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. येईल त्या दुधाचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक), आम्लता लिहून ठेवायची हाताला सवय आहे. तीच आता तिच्यासाठी वापरायची.

आजार क्रोन्स, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारा जुनाट आजार. निदान २०२१ सालचं. त्याआधी सहा महिने आतड्याचा टीबी समजून त्याची औषधं झाली. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी असतात की आपल्याकडे हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सूज येऊन येऊन वाट अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवून ती जागा दाखवली, तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात ती रोज सकाळी स्मूदी प्यायची. पालक, सालासकट सफरचंद, भिजवलेला चिया, वरून जवसाची पूड. एकूणएक वस्तू पौष्टिक. चौथ्या दिवशी पोटात कळा, उलट्या आणि दोन दिवस सलाईन. म्हणजे चांगलं काय घालायचं हा आपला प्रश्न नाही. काय काढून टाकायचं, हा आहे.

काम असं ठरवलं: दिवसातून दोनदा १५० मिली पेय. अरुंद वाटेतून बिनबोभाट पुढे सरकेल आणि अंगी लागेल असं. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना विचारूनच चाललंय. बाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली. क्रोन्स असलेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त तयार पोषणपेयावर ठेवतात, तो उपचार असतो, त्याचं सूत्र ठरलेलं असतं. घरची स्मूदी म्हणजे ते नव्हे. ही जेवणाला जोड. गोळ्या आहेत तशाच चालू.

नियम: साल नाही, बी नाही, दोरा नाही, बर्फ नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो तीन दिवस तसाच ठेवायचा.

वहीतले रकाने: काय घातलं, किती, पिताना कसं वाटलं, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटचे दोन तीच सांगणार. तिथे माझं मत चालणार नाही.

४ फेब्रुवारी

पाण्याचा बंदोबस्त. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडताहेत, दूषित पाण्याची चर्चा आहे. कराड लांब असलं तरी लेकीची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेली आहे. पाणी खळखळून उकळायचं, फळ धुवायचं तेही त्याच पाण्यानं, आणि मिक्सरच्या भांड्याखालची रबरी रिंग रोज काढून घासायची. आज काढली तर आत चटणीचा काळा थर. आपण सगळे वर्षानुवर्षं त्याच भांड्यातलं खातोय. नवीन छोटं भांडं आणलं, त्यावर ऑइलपेंटनं तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. त्यात दुसरं काही वाटायचं नाही, असं घरात सांगितलं.

५ ते ७ फेब्रुवारी

पाया ठरला: भाताची पेज. दूध नको, ओट्स नकोत.

इंद्रायणीची कणी अर्धी वाटी, पाणी पाच वाट्या, चिमूटभर मीठ, कुकरला पाच शिट्ट्या. गार झाली की मिक्सरमधून फिरवून मैद्याच्या चाळणीतून गाळायची. ही म्हणाली, "अहो, पेजच द्यायची तर वाटीत द्या की. स्मूदी कशाला म्हणायचं?" लेक म्हणाली, "आई, वाटीतली पेज प्यायले की मी आजारी आहे असं वाटतं. ग्लासातली प्यायले की तसं वाटत नाही." त्यानंतर आमच्याकडे पेजेला स्मूदीच म्हणतात.

पेज बरी का, तर पोटाला कोमट चालते, तिला स्वतःचा दाटपणा आहे, आणि फळ दामटून न भरताही ग्लास भरल्यासारखा होतो.

तीन दिवस नुसती पेज. दोन तासांनी: काही नाही. सकाळी: काही नाही. या वहीत "काही नाही" यापेक्षा चांगला शेरा नाही.

८ ते १० फेब्रुवारी

केळं, अर्धं, साधारण ५० ग्रॅम.

पहिल्या दिवशी घरातलं पूर्ण पिकलेलं, काळे ठिपके पडलेलं केळं घातलं. आपण तेच पचायला हलकं समजतो. संध्याकाळपर्यंत पोट डब्ब. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, केळं फार पिकलं की त्यात फ्रुक्टान नावाची साखर वाढते. लहान आतड्यात ती पचत नाही, पुढे जाऊन आंबते आणि वारा धरतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं असे पदार्थ तपासून याद्या केल्या आहेत, त्यात घट्ट केळं आणि पिकलेलं केळं वेगवेगळं धरलं आहे. दुसऱ्या दिवशी देठाला किंचित हिरवी झाक असलेलं, पण सालीला पूर्ण पिवळं केळं घेतलं. मधला दोऱ्यासारखा भाग आणि काळे दाणे चमच्यानं काढले. पोट शांत. तिसऱ्या दिवशीही शांत.

आता मंडईत केळी घेताना आठवडाभराचा डझन घेत नाही. एक दिवसाआड दोन.

११ ते १३ फेब्रुवारी

पेय चांगलं, पण प्यायल्यावर पंधरा मिनिटांत ढेकरा आणि छातीखाली दडपण. घटक कालचेच. मग बदललं काय?

ग्लास उजेडात धरून पाहिला. वर दोन बोटं फेस, आणि खालच्या भागातही मोहरीएवढे बुडबुडे अडकलेले. पेज दाट असते, त्यामुळे आत गेलेली हवा सुटत नाही. मी तीन नंबरवर दीड मिनिट फिरवत होतो. ती स्मूदी पीत होती तितकीच हवाही पीत होती.

आता एक नंबरवर थांबून थांबून, दहा-दहा सेकंद, चार वेळा. मग ग्लासात न ओतता पसरट पातेल्यात ओतून वीस मिनिटं ठेवायचं आणि मधून डावानं सावकाश ढवळायचं. बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात. पिताना नळी नको, नळीतूनही हवा जाते. घोट घोट करत अर्ध्या तासात. ढेकरा जवळजवळ गेल्या.

१४ फेब्रुवारी

पपई. पिकलेली, साल जाड काढली, बिया आणि बियांखालचा चिकट पापुद्रा खरवडला. पहिल्यांदाच थोडं गाईचं दूधही घातलं, ५० मिली. इथे एकाच वेळी दोन बदल झाले, नियम मीच मोडला.

पातेल्यात वीस मिनिटं ठेवायचं होतं, पण फोन आला आणि चाळीस झाली. तिनं एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "बाबा, औषधासारखं लागतंय." मी चाखलं. कडू.

नासलं नव्हतं, वास चांगला होता. पपईत प्रथिनं तोडणारं पपेन असतं. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करतं, आणि ते तुकडे चवीला कडू लागतात. ताजं ताजं प्यायलं असतं तर कळलं नसतं. फेस मरावा म्हणून ठेवलं आणि तेवढ्या वेळात पपेननं काम केलं. आयुष्य दुधात गेलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

पुढचे तीन दिवस दूध बंद. पपईच्या फोडी दहा मिनिटं वाफवून, गार करून, पेजेत. तासाभरानं चाखली तरी गोडच. रंग असा आला की ही स्वतःहून म्हणाली, "मलाही द्या थोडी."

१८ फेब्रुवारी

वजन ४३.६.

गोडी वाढवायला दोन खजूर आणि चमचाभर गूळ घातला. तासाभरात दोनदा संडासला पळावं लागलं.

कारण साधं आहे. पेय फार गोड झालं की आतडं ते पातळ करायला अंगातलं पाणी आत ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये ओआरएसचं सूत्र बदललं तेही पेय सौम्य करण्यासाठीच: लिटरमागे ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ वर आणि मीठ ३.५ वरून २.६ वर आणलं. अशक्त माणसाला गोड द्यावं, ताकद येते, हे आपल्या मनात किती पक्कं बसलंय. फळाची गोडी असेल तेवढी पुरे.

१९ ते २२ फेब्रुवारी

हे चार दिवस लिहायला जड जातंय, पण लिहितो.

प्रथिनं वाढवायची घाई झाली होती. भाजलेले शेंगदाणे, सालं पाखडून, अगदी बारीक कूट, एक चमचा. १९ आणि २० ला काही नाही. २१ ला मी दोन चमचे केले. २२ ला पहाटे चार वाजता ती बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली दिसली. पोट फुगून टणक, दोनदा उलटी, वारा सरत नव्हता.

अशा वेळी घरी काहीही करत बसायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: कळा, उलटी, फुगलेलं पोट आणि वारा बंद, हे एकत्र आलं की तोंडानं पाणीसुद्धा नाही, थेट दवाखाना. साडेपाचला पोचलो. नाकातून नळी, सलाईन. रात्रीपर्यंत पोट उतरलं. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही.

घरी आल्यावर मी आदल्या दिवशीचा पातेल्याच्या तळाचा गाळ चाळणीत घेऊन नळाखाली धरला. पाणी वाहून गेलं आणि जाळीवर दाण्याचे कण राहिले, रव्यापेक्षा जाड, काही तर मोहरीएवढे. जिभेला जे बारीक लागतं ते चाळणीला बारीक नसतं. त्या दिवशी गाळलं नव्हतं, कारण गाळलं तर दाणे वाया जातील असं वाटलं. दाण्यानंच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, सूजही वाढलेली असू शकते. माझ्या लेखी मात्र दाणे बंद.

ती दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, वही बंद करू नका."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चार दिवस फक्त निवळ: पेजेचं वरचं पाणी, ओआरएस, शहाळं थोडं. घरात उपासाची साबुदाणा खिचडी, दाण्याच्या कुटाची. तिच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, वासानं भूक लागते म्हणून. मला खिचडी गेली नाही.

२ मार्च

पुन्हा नुसत्या पेजेपासून सुरुवात.

भावकीतले पाहुणे भेटायला आले. तिघांपैकी दोघांनी दुधीचा कच्चा रस सुचवला. माया असते म्हणूनच सांगतात, त्यामुळे तोडून बोलवत नाही. पण कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, त्याच्या रसानं माणसं दगावली आहेत, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) समितीनं कडू रस पिऊ नका म्हणून सांगितलेलं आहे. शिजवलं तरी कडू दुधीचा भरवसा नाही. आमच्याकडे दुधी कापला की आधी देठाकडचा तुकडा जिभेला लावायचा. जरा कडवट लागला तर थुंकून चूळ भरायची आणि अख्खा दुधी कचऱ्यात.

गोडा निघाला तर मात्र दुधी फार कामाचा. साल आणि बियांचा गाभा काढून, वाफवून, पेजेत घोटून, मीठ आणि जिऱ्याचं गाळलेलं पाणी. गोड पिऊन कंटाळलेल्या जिभेला हे आवडलं. नोंद: दुधी ६० ग्रॅम, काही नाही, काही नाही.

९ मार्च

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संपत आली. दरवर्षी या दिवसांत ती दोन पनेट एकटी संपवायची. गेली चार वर्षं हात लावलेला नाही, बियांमुळे.

आठ फळं वाफवून ठेचली. मैद्याच्या चाळणीतून बिया निघतील असं वाटलं होतं, पण काही बारीक बिया जाळीतून खाली आल्या. मग चक्का बांधायचं मलमलचं फडकं दुहेरी केलं, त्यात लगदा टाकला आणि न पिळता टांगला. पिळलं की लगदा कापडातून रेटून बाहेर येतो, हे आधीच्या दोन फळांवर पाहून घेतलं होतं. पाऊण तासात ४० मिली लाल रस. बशीत पसरून, भिंग घेऊन पाहिला. एकही बी नाही.

तिनं आधी नुसता वास घेतला, बराच वेळ. मग प्यायली. फडक्यावरचा डाग आठ धुण्यांनीही जाणार नाही, असं ही म्हणते. जाऊ दे.

१३ ते २० मार्च

प्रथिनांचा प्रश्न दुधाच्या वाटेनंच सुटला, आणि इतके दिवस मी ती वाट सोडून बाहेर शोधत होतो.

दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरात असतं. अस्तर सुजलं की ते कमी होतं आणि दूध सोसत नाही. विरजण लागताना जिवाणू त्यातली थोडी साखर खातात. दही टांगलं की बरीचशी साखर निवळीबरोबर खाली जाते, कारण ती पाण्यात विरघळलेली असते. फडक्यात राहतं ते मुख्यतः केसीन आणि फॅट. म्हणजे चक्का. श्रीखंडासाठी जो आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो तोच.

गाईच्या दुधाचं दही. म्हशीच्या दुधात फॅट जास्त आणि जास्त तूपकट तिला सोसत नाही. उन्हाळा लागलाय, त्यामुळे दही फ्रिजमध्येच टांगतो, आठ तास. मग चक्का ४० ग्रॅम, पेज ८० मिली, वाफवलेली पपई किंवा केळं. चक्का शेवटी घालून हातानं फेटायचा, मिक्सर नाही.

पहिल्या दिवशी १० ग्रॅम, मग २०, मग ४०. दाण्याच्या वेळची घाई आठवत होती. २० मार्चला वजन ४४.३.

३० मार्च, गुढीपाडवा

कडुनिंबाचं एक पान तिनं जिभेला लावलं, गिळलं नाही. सगळ्यांना श्रीखंड, तिला त्याच चक्क्याची स्मूदी, केशर घालून. पंगतीत बसूनच प्यायली.

५ एप्रिल

नाचणीचं सत्त्व करून पाहिलं. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, रात्रभर निवळू दिलं. खाली गुळगुळीत करडी साय बसते, ती वाळवायची. नाचणीत कॅल्शियम भरपूर, आणि स्टिरॉइड घेतलेल्या माणसाच्या हाडांना ते हवंच असतं. पण त्याचा बराच भाग कोंड्यात राहतो आणि कोंडा आपण फेकतो, म्हणून गोळी चालूच. सत्त्व दोन चमचे शिजवून पेजेऐवजी. चव तिला आवडली नाही. सोडलं.

१३ एप्रिल, रविवार

वजन ४५.१. उद्या ती पुण्याला परत जाते.

वहीच्या मागच्या पानावर तिच्या हातानं तिचीच यादी लिहून घेतली. पेज एका वेळी दोन दिवसांचीच करायची, गार झाली की लगेच फ्रिजमध्ये. भातासारखे पदार्थ बाहेर राहिले तर त्यात वाढणारे जिवाणू पुन्हा उकळूनही धड जात नाहीत, त्यांनी सोडलेलं विष उरतं. वाफवलेली पपई छोट्या डब्यांतून गोठवायची, प्यायच्या आधी साध्या तापमानाला आणायची. ऑफिसात सकाळी न्यायचं तर थर्मासमध्ये गार, आणि दोन तासांत संपवायचं. बाहेरचा रस, बाहेरचा बर्फ कधीच नाही.

अक्षर काढलेलं छोटं भांडं, चाळणी आणि लाल डागाचं फडकं बॅगेत भरलं. ही मला म्हणाली, "तुम्ही काय करणार आता सकाळी?"

३० एप्रिल, अक्षय तृतीया

ती रजा टाकून आली. आज आमच्याकडे पहिला आमरस, आणि आंबा हा अजून न तपासलेला घटक.

पायरीत रस भरपूर, पण दोरे. म्हणून हापूस घेतला. आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, म्हणून मात्रा लहान. एका फळाचा रस हातानं काढला, कोय पिळली नाही. चाळणीतून एकदा, फडक्यातून एकदा. फडक्यावर केसांसारखे पिवळे दोरे राहिले, ते तिला दाखवले. रस ३० मिली, पेज ३० मिली, दूध-तूप नाही. ६० मिली, स्टीलच्या छोट्या वाटीत.

ही पुरी तळत होती ती गॅस बंद करून बाहेर आली. लेकीनं चमच्यानं खाल्लं, पंधरा मिनिटं लावली. दोन तासांनी मी विचारलं नाही. रकाना रिकामा ठेवून वही टेबलावर उघडी ठेवली.

१ मे

सकाळी उठलो तर रकाना तिच्या अक्षरात भरलेला होता: "आंबा ३० मिली. रात्री काही नाही. सकाळी काही नाही. तीन दिवस हेच, मग ४०."